देठासकट

निवृत्तीच्या दिवशी मिळालेला गुच्छ मी घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर सोडवून पाहिला. का, ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिस नव्हतं, हे एक कारण असावं. चमचमता कागद काढला, रिबन काढली (ती बायकोनं लगेच घडी करून कपाटात ठेवली), रबर काढलं, ओला कापूस काढला. आत शतावरीच्या चार फांद्या, जिप्सोफिलाचा भुसा आणि सात जर्बेरा. प्रत्येक जर्बेऱ्याच्या गळ्याशी प्लॅस्टिकची टोपी, आणि देठावर शीतपेयासोबत देतात तशी पारदर्शक नळी चढवलेली. मी एक नळी ओढून काढली. फुलानं मान टाकली. दुसरी काढली, तेच. चौतीस वर्षं नोकरी केल्यावर अशीच फुलं मिळणं रास्त होतं म्हणा. आम्ही तरी कशाच्या जोरावर उभे होतो!

आई बाजूला मटार सोलत बसली होती. तिनं एक फूल उचललं, खालून पाहिलं, वरून पाहिलं आणि म्हणाली, “हे देवाले चालत नाही अन् याले उभंही राहता येत नाही. मग हे कायले आहे?”

तो डिसेंबर होता, आणि नागपुरात डिसेंबर म्हणजे गुच्छांचा महिना. १९५३च्या नागपूर करारातल्या शब्दाला जागून विधिमंडळाचं अधिवेशन इथं भरतं. मग पंधरा-वीस दिवस विमानतळापासून सिव्हिल लाइन्सपर्यंत जो तो कुणाच्या तरी हातात गुच्छ देत असतो. बर्डीच्या फूलबाजारात त्या दिवसांत भावाचं नाव काढू नये. गंमत अशी की हेच दिवस इथं कुणाच्याही अंगणात फुलं येण्याचे. जी थंडी पुण्या-बंगळुराकडच्या पॉलिहाउसमध्ये यंत्रानं सांभाळावी लागते, ती आपल्याकडे तीन महिने फुकट पडलेली असते. आणि आपण त्या थंडीत हुरडा खातो, फुलं मात्र बाहेरून मागवतो.

तर त्या रात्री ठरलं, की आपण गुच्छाची फुलं लावायची. बियांपासून.

घरामागं आमची सांदवाडी आहे, पंधरा बाय बावीस फुटांची. एका कोपऱ्यात लिंबू, एका कोपऱ्यात जुन्या कूलरचा सांगाडा. माती काळी, अस्सल कपाशीची. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की हातातलं नाणं सुटलं तर गेलंच, आणि पावसाळ्यात पाय पुढं येतो पण चप्पल मागं राहते. देशभरच्या मातीचे नकाशे करणारा राष्ट्रीय ब्यूरो आमच्याच अमरावती रोडवर आहे. त्याच्यासमोरून मी आयुष्यभर स्कूटरनं गेलो आणि घरच्या मातीची ओळख व्हायला साठी उलटली. उपाय तसा साधाच निघाला. जमीन खोल खणून तिच्याशी झुंजायचं नाही. तिच्यावर वीतभर उंच वाफा बांधायचा. कन्हानची रेती, शेणखत, भंडाऱ्याकडून आलेलं धानाचं तूस आणि थोडी निंबोळी पेंड. पाणी साचलं नाही की निम्मी लढाई झाली.

उरलेली निम्मी लढाई मी पहिल्या वर्षी तोंड बघून हरलो. बियांच्या दुकानात पाकिटं दोरीवर टांगलेली असतात आणि प्रत्येकावर एक चेहरा असतो. मी चेहरे निवडले. झिनिया घेतली, अॅस्टर घेतली, डॉग फ्लॉवर घेतलं. दुकानदार म्हणाला, “घ्या साहेब, कुंडीत भरगच्च दिसते.” त्यानं अगदी खरं सांगितलं होतं, मलाच ते ऐकू आलं नाही. फुलं आली, भरगच्च आली, आणि देठ निघाला चार बोटांचा. अशी फुलं फुलदाणीत ठेवली की थेट आत बुडतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, कुणीतरी विहिरीत पडलंय. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरांत ‘ड्वार्फ’ असं छापलेलं होतं. वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा घरी राहिला होता.

आता मी पाकीट आधी उलटं करतो. उंची दोन फुटांच्या वर आहे का? फांद्या किती फुटतात? पाकळ्या पाण्यात किती दिवस टिकतात? रंगाचा प्रश्न शेवटी. डॉग फ्लॉवर उंच वाणाचंच पाहिजे. त्याला पुस्तकात स्नॅपड्रॅगन म्हणतात, पण ज्यानं लहानपणी त्याच्या गालाला चिमटे काढून तोंड उघडवलंय त्याच्यासाठी ते कुत्रंच. अॅस्टरमध्ये आपल्या पुण्याच्या गणेशखिंड संशोधन केंद्रातून निघालेले ‘फुले गणेश’ वाण मिळाले तर उत्तम. पांढरा, गुलाबी, जांभळा, तिन्ही सरळ देठाचे. फक्त बी ताजं हवं. अॅस्टरचं बी वर्षभर डब्यात राहिलं की त्याचा जीव निम्मा होतो. झेंडूत दिल्लीच्या पुसा संस्थेचे ‘पुसा नारंगी गेंदा’ आणि ‘पुसा बसंती गेंदा’. हे नाव मी मोठ्यानं वाचलं तेव्हा आईला फार बरं वाटलं. लग्न होऊन पुण्याहून आलेली आमची सून तिला ‘झेंडू म्हणा, आजी’ असं सुचवत होती. आता सरकारच गेंदा म्हणतं म्हटल्यावर वाद मिटला.

मग प्रश्न वेळेचा. एका पाहुण्यानं परदेशातून फार सुंदर पाकिटं आणली होती. त्यांवर लिहिलेलं, मार्च ते मे महिन्यांत पेरा. नागपुरात मे महिन्यात पेरणारा माणूस एक तर निवडणुकीला उभा असावा किंवा त्याला ऊन लागलेलं असावं. नवतपात आमच्याकडे पाराच पंचेचाळिशी ओलांडतो. बी उगवलंच तर ते कोवळं पान भाजून घेण्यासाठी. तिकडं त्यांचं बी थंडी संपायची वाट बघतं, आपलं बी थंडी सुरू व्हायची. हे कळलं तरी घाई सुटत नव्हती. दुसऱ्या वर्षी मी नागपंचमीला पेरलं. बोटभर रोपं आली, तजेलदार. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीतली पोरं लाकडी नंदी सजवून आली तेव्हा मी त्यांना ती कौतुकानं दाखवलीसुद्धा. चार दिवसांनी पावसाची झड लागली, आणि सकाळी पाहतो तर सगळी रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी. ओल्या गरम मातीतली बुरशी रोपाचा पायच खाते. वर पान हिरवंगार, खाली दोरा. उपचार नाही. ट्रे उलटा करायचा आणि धुवायचा.

म्हणून आता माझं पंचांग ठरलंय. दसऱ्याला लोक सोनं वाटायला बाहेर पडतात तेव्हा मी ट्रे भरतो. डॉग फ्लॉवरचं बी म्हणजे नुसती धूळ, तपकिरीसारखी. शिंक आली तर सीझन गेला. ते कोरड्या बारीक रेतीत मिसळून मातीवर भुरभुरायचं आणि त्यावर माती घालायची नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. वरून फवारा, तोही धुक्यासारखा. अॅस्टर चिमूटभर मातीखाली. दिवाळीच्या फराळानंतर रोपं वाफ्यात जातात. जानेवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत फुलं. त्यानंतर ऊन सगळं गोळा करून नेतं. स्वीट पी मी दोनदा लावली आणि सोडली. तिला आधारावर चढून स्थिरस्थावर व्हायला फेब्रुवारी येतो, आणि आमचा फेब्रुवारी काही कुणाची वाट पाहत नाही. पावसाळ्यात झिनिया, बटन फूल आणि कोंबडा. त्यातल्या झिनियाच्या पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, येतेच. रोपं हातभर अंतरावर लावली आणि पाणी फक्त बुडाशी घातलं, तर ती फुलांआधी येत नाही एवढंच.

लार्कस्परची गोष्ट वेगळी. त्याला उजेड नको, अंधार हवा, आणि ऊब नको, गारठा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी त्याचं बी ओल्या कागदात गुंडाळून, एका छोट्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवलं आणि उरलेलं कोरडं बी दुसऱ्या डबीत तिथंच. काळं, बारीक, कोनदार. चार दिवसांनी बायको लोणच्याच्या मसाल्याची तयारी करताना ती दुसरी डबी घेऊन उभी. “कलौंजी कधी आणली?” माझ्या हातातला चहा सांडला. लार्कस्पर आणि कलौंजी एकाच कुळातल्या, चुलत बहिणी म्हणा. पण एक मसाल्याच्या डब्यातली आणि दुसरी विषारी, बियांसकट. तेव्हापासून माझ्या बिया गोदरेजच्या कपाटात कुलपात असतात, रिबनांच्या शेजारी.

पण खरं भांडण झालं ते शब्दावरून. पहिल्या चांगल्या जानेवारीत मी सकाळी सहाला कात्री आणि बादली घेऊन निघालो. आई ओट्यावर होती.

“कुठं निघाला?”

“फुलं कापायला.”

“काय करायले?”

मी पुन्हा सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “फुलं कापतेत का कधी, बाप्पा? भाजी कापतेत. लोकाइचे खिसे कापतेत.”

मी वाफ्यावर उभा राहून विचार करत बसलो. तिचं बरोबर होतं. पारिजात आपण वेचतो, मोगऱ्याच्या कळ्या खुडतो, गेंदा तोडतो, दुर्वा काढतो. आपल्या भाषेत फुलासाठी इतकी क्रियापदं आहेत, पण कापणं त्यात नाही. कारण आपल्या परडीत देठाला जागाच नव्हती. फूल दोन बोटांच्या चिमटीत येतं, गळ्याशी तुटतं आणि देवाच्या डोक्यावर बसतं. हारात ओवायचं तरी सुई फुलाच्या पोटातून जाते. वेणी, गजरा, तोरण, कशालाच हातभर देठ लागत नाही. लांब देठाचं फूल आपल्याकडे दूरच्या पाहुण्यासारखं आलं आणि बैठकीतच बसून राहिलं. देवघरात त्याला कुणी बोलावलं नाही.

आईचे आणखी दोन कायदे होते. दिवे लागल्यावर झाडाला हात लावायचा नाही, झाडं झोपतात. आणि कळी खुडायची नाही. पहिला मी आनंदानं पाळतो. फुलं काढायची उत्तम वेळ पहाटेचीच, रात्रभरात देठात पाणी भरलेलं असतं तेव्हाची. भर दुपारी काढलेलं फूल बादलीत घातलं तरी तहानलेलंच राहतं. दुसरा कायदा मात्र रोज मोडावा लागतो. डॉग फ्लॉवरची खालची तिसरा हिस्सा फुलं उमलली आणि वर कळ्याच असल्या की ती दांडी काढायची. बाकीच्या कळ्या पाण्यात उमलतात. अॅस्टरच्या बाहेरच्या पाकळ्या उघडल्या आणि मधला पिवळा डोळा अजून घट्ट आहे, तीच वेळ. उलट झिनिया पूर्ण उमलल्याशिवाय हात लावायचा नाही. ती तोडल्यावर उमलत नाही. आणि नुसती उमलून पुरत नाही. फुलाच्या खाली वीतभर अंतरावर दांडी धरायची आणि हलवायची. मान लुळी डोलली तर अजून दोन दिवस. सगळी दांडी काठीसारखी एकसंध हलली तर काढा, आठवडाभर उभी राहील.

ही झिनिया ज्याच्या नावाची, तो योहान गॉटफ्रीड झिन अठराव्या शतकातला जर्मन शरीरशास्त्रज्ञ. मेक्सिकोच्या फुलाला लिनियसनं त्याचं नाव दिलं. झिन गेला तेव्हा बत्तिशीचाही नव्हता. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी डोळ्याचं चित्र दाखवलं, त्यात भिंगाला चहूबाजूंनी ताणून धरणारे बारीक तंतू होते. नाव विचारलं तर म्हणाले, ‘झोन्यूल्स ऑफ झिन’. हाच तो झिन. भिंग बदललं तरी ते धागे आपलेच राहतात, त्यांच्याच आधारानं नवं भिंग बसतं. पट्टी सुटली तेव्हा आईनं मागच्या दारातून पाहिलेली पहिली रंगीत वस्तू झिनियाच होती. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मले तर ते फूल आधीही दिसत होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यात गेलो तर झिनियाच्या नऊ दांड्यांवर फुलंच नाहीत. गळ्याशी खुडलेली. नव्या डोळ्यानं आईनं पहाटेच परडी भरली होती. मी चिडलो. पण त्या नऊ दांड्यांनी मला एक धडा दिला, जो पाकिटावर नसतो. झाड फूल काढू देतं, मागं हटत नाही. बी धरता येत नाही म्हणून ते पुन्हा फुलायला धावतं. फक्त कुठून काढलं, त्यावर पुढचं सगळं असतं. गळ्याशी खुडलं तर तिथंच वरच्या पेऱ्यातून बोटभर दोन फुटवे येतात आणि त्यांची फुलं आखूड देठाची, देवापुरती. खोल हात घालून, खालून दोन-तीन जोड पानं राखून कात्री लावली, तर बुडातून हातभर दांड्या निघतात. म्हणजे काढायचं तर धीटपणे काढावं लागतं. सुरुवातीला छाती होत नाही. चार कळ्याही त्या फांदीबरोबर जातात. रोप वीतभर झालं की त्याचा शेंडा मोडणं तर त्याहून जड. आतापावेतो जपलेलं पोर, आणि त्याचीच मान. शेंडा मी अजूनही आईची अंघोळ चालू असताना मोडतो.

एका फेब्रुवारीत गारपीट झाली. विदर्भात ती संत्र्याचा आंबिया बहर झोडपते, गव्हाला झोपवते. त्यापुढे माझ्या दोन वाफ्यांचं काय घेऊन बसलात. पण डॉग फ्लॉवरच्या साठ-सत्तर दांड्या जमिनीवर निजलेल्या पाहून मी दोन दिवस तिकडं फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. दांड्या आडव्याच होत्या, पण प्रत्येकीचा शेंडा काटकोनात वळून वर आकाशाकडं गेलेला. या फुलाची सवयच ती. आडवं टाकलं की वर वळतं, बादलीत तिरपं ठेवलं तरी. बाजारात अशा हॉकी स्टिकला कुणी विचारणार नाही. मी त्या सगळ्या काढल्या. मातीच्या घड्यात ठेवल्या तेव्हा तो घडा वाऱ्यात असल्यासारखा दिसायला लागला. इतका देखणा गुच्छ मला सरळ देठांचा कधी जमला नाही. अर्थात पुढच्या वर्षी मी बांबू रोवून नायलॉनच्या दोरीची चौकटजाळी बांधलीच. देखणेपणा ठीक आहे, गारा नकोत.

त्याच फुलांची एकदा रात्रीत रास झाली. जिन्याखाली, सावलीत ठेवलेली बादली, आणि सकाळी सगळ्या पाकळ्या फरशीवर. बाजूला संत्र्यांची टोपली होती आणि वर खुंटीला महाशिवरात्रीच्या उपासाची केळी. सगळ्यांचा संशय संत्र्यांवर. पण चांगलं संत्रं झाडावरून उतरल्यावर पिकत नाही आणि फारसा वायूही सोडत नाही. केळं पिकताना इथिलीन सोडतं, आणि ते फुलाला म्हातारं करतं. संत्री निर्दोष सुटली. नागपूरकर म्हणून मला त्याचा जरा जास्तच आनंद झाला.

गुच्छ बांधायला मी कुणाकडं शिकलो नाही. पाण्याच्या रेषेखाली येणारी पानं काढायची, देठ तिरपे, एकमेकांवरून एकाच दिशेनं फिरवत घ्यायचे, आणि सुतळी. जिप्सोफिलाच्या जागी फुलावर आलेली कोथिंबीर. फेब्रुवारीत कोथिंबीर हाताबाहेर जातेच, तिची पांढरी जाळी कुठल्याही विकतच्या भरणीपेक्षा नाजूक. शेपूची पिवळी छत्री. ज्वारीचं एखादं कणीस. कागद म्हणून कालचं वर्तमानपत्र. माझ्या जुन्या ऑफिसात अलीकडं एक जण निवृत्त झाला, त्याला असा एक नेऊन दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि खालून हात लावून पाहिला, ओला होता म्हणून. “यात नळी नाही?” म्हणाला. मी म्हटलं, नाही. मग बराच वेळ तो कोथिंबिरीचा वास घेत होता.

घरात तह झाला आहे. लिंबाकडचा वाफा आईचा: गेंदा, गलांडा, तुळस, आणि तिथं कात्री जाणार नाही. कूलरकडचा माझा, तिथं चिमूट जाणार नाही. गेल्या आठवड्यात मी तिच्या खोलीत, औषधांच्या स्टुलावर, काचेच्या बरणीत पाच जांभळ्या अॅस्टर ठेवल्या. ती काही बोलली नाही. रोज पाणी बदलत होती, देठाचं बूड नखभर कापतही होती; कात्री माझीच.

आज सकाळी चहा द्यायला गेलो तर बरणीत चार फुलं आणि एक नुसता देठ, सरळ, पाण्यात उभा. देवघरात बाळकृष्णाच्या मुकुटावर जांभळं अॅस्टर.

मी बरणीकडं पाहतोय हे तिनं पाहिलं.

“तुयी दांडी ठेवली ना तुले,” म्हणाली.